जुनी स्पोर्ट बाइक घरी उभी करायची असेल तर: क्रम, हत्यारं आणि सापळे

जुन्या स्पोर्ट बाइकचं काम बहुतेक जण चुकीच्या टोकाकडून सुरू करतात. गाडी दारात आली की पहिल्याच आठवड्यात नवं एक्झॉस्ट मागवलं जातं, रंगाच्या छटा निवडल्या जातात, आणि पुढचा ब्रेक मात्र जाम तो जामच. आधी कळस मग पाया म्हणतात ते हेच.

माझं म्हणणं थोडक्यात असं: गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी आधी करा, मग काय बदलायचं ते ठरवा. "ब्रेक जुन्या जमान्यातले आहेत", "गाडी वळायला जड आहे", "मध्येच दम तोडते" या तक्रारी बहुतेकदा डिझाइनच्या नसतातच. फुगलेली ब्रेक होज, खाच पडलेलं स्टिअरिंग बेअरिंग, तुंबलेला पायलट जेट (कार्ब्युरेटरमधली, कमी आरपीएमला पेट्रोल सोडणारी बारीक पितळी नळी) अशी कारणं निघतात. ती दूर केली की निम्मी अपग्रेडची यादी आपोआप गळून पडते.

इथे मी १९८५ ते २०००च्या आसपासच्या, चार सिलिंडरच्या, कार्ब्युरेटरवाल्या जपानी गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत: सुझुकीची जीएसएक्स-आर ७५०, होंडाची सीबीआर ६०० एफ, १९९२ची फायरब्लेड, कावासाकीची झेडएक्स-६आर, यामाहाची पहिली आर-वन. त्यानंतर हळूहळू इंजेक्शन आलं. सीबीआर ६०० एफमध्ये २००१ साली, आर-वनमध्ये २००२ साली. तुमची गाडी इंजेक्शनची असेल तर कार्ब्युरेटरचा भाग सोडा, बाकी सगळं लागू आहे.

१. गाडी घेताना काय बघायचं

इंजिन चालू होत नाही याला फार घाबरू नका. ते होईल. घाबरायचं ते वाकलेल्या फ्रेमला, न मिळणाऱ्या भागांना आणि अर्धवट कागदपत्रांना.

हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून स्टिअरिंगचा स्टॉपर बघा. तो चेपलेला किंवा तुटलेला असेल तर गाडी जोरात पडलेली आहे. स्टिअरिंग हेडजवळ रंगाला भेगा, फ्रेमच्या वेल्डिंगजवळ नवा रंग, दोन्ही फोर्कच्या नळ्या एका रेषेत नसणं, ही सगळी त्याच गोष्टीची चिन्हं. इंजिनावरचे बोल्ट बघा. कोपरे गोल झालेले असतील तर आधी कोणीतरी चुकीच्या पान्याने झटापट केलेली आहे, आणि आतही तसंच काम सापडण्याची शक्यता आहे.

ऑइलची टोपी उघडून वास घ्या. पेट्रोलचा वास आला तर कार्ब्युरेटरचा फ्लोट व्हॉल्व्ह (वाटीतलं पेट्रोल भरलं की पुरवठा बंद करणारा) गळतोय आणि पेट्रोल सिलिंडरमधून खाली इंजिन ऑइलमध्ये उतरतंय. अशी गाडी तिथल्या तिथे स्टार्ट करून बघू नका. सिलिंडरमध्ये पेट्रोल साचलेलं असेल तर पिस्टन त्यावर आपटून कनेक्टिंग रॉड वाकू शकतो.

फेअरिंग (बाहेरची प्लास्टिकची आवरणं), टाकी, मीटर आणि दिव्यांचे संच या चार गोष्टी जुन्या मॉडेलसाठी सर्वांत महाग आणि दुर्मीळ असतात. इंजिन बिघडलेली पण अंगाने पूर्ण असलेली गाडी, चालू पण उघडीनागडी असलेल्या गाडीपेक्षा बऱ्याचदा स्वस्त पडते. तरीही लोक उलट निवड करतात, कारण चालू इंजिनाचा आवाज कानाला मोह घालतो.

२. कागदपत्रं आणि माहिती

हत्याराला हात लावण्याआधी हे जमवा:

- नोंदणीचे मूळ कागद. फ्रेम आणि इंजिन, दोन्हींचे नंबर प्रत्यक्ष गाडीवरचे वाचून जुळवायचे. विकणाऱ्याने सांगितलेले नव्हे.
- विक्रीची सही असलेली पावती.
- तुमच्याच मॉडेलची आणि तुमच्याच वर्षाची सर्व्हिस मॅन्युअल. मालकाला मिळणारी छोटी पुस्तिका नव्हे, मेकॅनिकची.
- पार्ट्सचा कॅटलॉग, म्हणजे सुट्या भागांची चित्रं. कुठला वॉशर कुठे बसतो हे मॅन्युअलपेक्षा या चित्रांत लवकर सापडतं.
- वायरिंगचा नकाशा, शक्यतो रंगीत आणि मोठ्या कागदावर छापलेला.

फ्रेम नंबरवरून मॉडेलचं वर्ष पक्कं करून घ्या. एकाच नावाच्या गाडीत दोन वर्षांत कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग), फोर्क, स्प्रॉकेट बदललेले असतात आणि विकणाऱ्याला अनेकदा खरं वर्ष माहीतच नसतं.

३. हत्यारं

मोठी पेटी लागत नाही, पण काही गोष्टींना पर्याय नाही. मागचं चाक उचलणारा पॅडॉक स्टँड आणि पुढचं चाक उचलायला हेडस्टॉकखाली, म्हणजे स्टिअरिंग हेडखाली, लागणारा स्टँड. सॉकेट सेट, पण सहा कोनांचे सॉकेट. बारा कोनांचे गंजलेल्या बोल्टवर घसरतात. दोन टॉर्क रेंच, एक लहान बोल्टसाठी आणि एक ॲक्सलसारख्या मोठ्यांसाठी. मल्टिमीटर. फीलर गेज. कॉम्प्रेशन गेज. चार घड्याळांचं व्हॅक्यूम गेज कोणाकडून उसनं मिळालं तरी चालेल.

आणि जेआयएस, म्हणजे जपानी मानकाचा, स्क्रू ड्रायव्हर. जपानी गाड्यांवरचे अधिकचिन्हाचे स्क्रू दिसायला फिलिप्ससारखे, पण त्यांची खाच वेगळी असते. फिलिप्स ड्रायव्हर त्यात नीट बसत नाही; जोर लावला की वर उसळतो आणि स्क्रूचं डोकं खाऊन टाकतो. जेआयएस स्क्रूच्या डोक्यावर बऱ्याचदा एक छोटा ठिपका असतो. कार्ब्युरेटरच्या फ्लोट बाउलचे आणि मास्टर सिलिंडरच्या (ब्रेक लिव्हरजवळच्या पंपाच्या) झाकणाचे स्क्रू याच जातीचे. या एका ड्रायव्हरने वाचवलेला मनस्ताप बाकी सगळ्या पेटीने वाचवला नसेल.

४. उघडताना

फोन हातात ठेवा. प्रत्येक होज, केबल आणि वायर कुठून कुठे जाते त्याचे फोटो सोडवण्याआधी काढायचे, वेगवेगळ्या कोनांतून. बोल्ट एका डब्यात गोळा करू नका. प्रत्येक भागाची वेगळी पिशवी, वर चिठ्ठी. फेअरिंगचे बोल्ट पुठ्ठ्यावर गाडीची बाजू रेखाटून त्या-त्या जागी खोचून ठेवले तर उत्तम, कारण ते लांबीने वेगवेगळे असतात आणि लांब बोल्ट चुकीच्या जागी गेला तर आत रेडिएटरला किंवा वायरिंगला टोचू शकतो.

सगळी गाडी एकदम सुटी करू नका. हा सर्वांत मोठा सापळा आहे. सुट्या भागांच्या ढिगाऱ्यासमोर उत्साह महिनाभर टिकतो, मग ढिगारा विकायला निघतो. एक भाग काढा, नीट करा, परत बसवा, मग पुढचा. फ्रेमला रंग द्यायचाच असेल तर गोष्ट वेगळी, पण पहिल्या गाडीवर ते काम अंगावर घेऊ नका.

जाम बोल्टबद्दल: ॲल्युमिनियममध्ये बसलेला स्टीलचा बोल्ट वर्षानुवर्षांच्या ओलाव्याने धरून बसतो. आदल्या दिवशी पेनिट्रेटिंग ऑइल मारा. दुसऱ्या दिवशी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे दोन-चार नेमके ठोके द्या, मग हीट गनने भोवतालचं ॲल्युमिनियम तापवा आणि आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने, मग उलट, असा हलवत काढा. जवळपास पेट्रोल किंवा क्लिनरची वाफ नाही याची खात्री करूनच उष्णता वापरायची. एक्झॉस्टचे स्टड मात्र तुटण्यासाठीच प्रसिद्ध आहेत. गळती नसेल आणि काढायची गरज नसेल तर त्यांच्या वाटेला जाऊ नका. आटे गेलेच तर हेलिकॉइल (आट्यांच्या जागी बसणारी तारेची गुंडाळी) बसवून दुरुस्ती होते आणि ती मूळ आट्यांइतकीच भक्कम असते.

५. इंजिनाची तब्येत

वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं स्टार्टरचं बटण आधी दाबायचं नाही. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा, रात्रभर थांबा. मग क्रँकच्या बोल्टवर सॉकेट लावून इंजिन नेहमीच्या दिशेने हाताने फिरवा. अडखळलं तर जोर करू नका, कारण शोधा. सहज फिरलं तर जुनं ऑइल काढून नवं भरा, फिल्टर बदला. ऑइलच्या डब्यावर जेएएसओ एमए किंवा एमए-२ (बाइकच्या ऑइलचा जपानी दर्जा) असं लिहिलेलं हवं. बाइकचा क्लच त्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो. कारसाठीच्या इंधन वाचवणाऱ्या ऑइलमधले घर्षण कमी करणारे घटक त्याला घसरवू शकतात.

कॉम्प्रेशनची खरी चाचणी इंजिन गरम असताना घेतात. सगळे प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. प्लग कॅप मोकळ्या लोंबकळत ठेवून स्टार्टर फिरवू नका. इग्निशन युनिट त्याने जळू शकतं. एकतर इग्निशनचा कनेक्टर सोडवा किंवा प्लग कॅपमध्ये लावून इंजिनाच्या धातूला टेकवून ठेवा. आकडा किती यापेक्षा चौघांत फरक किती हे महत्त्वाचं. १०-१५ टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत राहा. एखादा सिलिंडर कमी दाखवत असेल तर त्यात थोडं ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर गेला तर रिंग झिजल्यात, जागचा हलला नाही तर व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत.

व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे कॅम आणि व्हॉल्व्ह यांच्यामधली बारीक फट, थंड इंजिनावर मोजायचा. या गाड्यांत बहुधा बकेटखाली (व्हॉल्व्हवरच्या टोपीखाली) शिम, म्हणजे ठराविक जाडीची चकती, असते, म्हणजे बदलण्यासाठी कॅमशाफ्ट काढावा लागतो. आधी सगळ्याच्या सगळ्या व्हॉल्व्हचे आकडे कागदावर लिहा, कॅमशाफ्ट काढल्यावर आत असलेल्या शिमचे आकडे वाचा, आणि मग हिशोब करून नव्या शिम मागवा. एका व्हॉल्व्हची निघालेली शिम दुसऱ्याला चालते असं बरेचदा होतं. क्लिअरन्स वापराने सहसा कमी होतो, वाढत नाही. त्यामुळे "टकटक ऐकू येत नाही, म्हणजे ठीक" हा निष्कर्ष चुकीचा. गप्प, घट्ट झालेला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह टकटक करणाऱ्यापेक्षा जास्त धोक्याचा, कारण तो पूर्ण बंद न झाल्याने त्याची उष्णता सीटमधून बाहेर जात नाही.

६. टाकी आणि कार्ब्युरेटर

टाकी आधी, कार्ब्युरेटर नंतर. उलट केलंत तर टाकीतला गंज पहिल्याच फेरीत नव्याने साफ केलेल्या जेटमध्ये जाऊन बसेल.

हलक्या गंजासाठी सायट्रिक ॲसिडचं कोमट पाणी पुरतं. कॉक आणि फ्युएलचा सेन्सर काढून भोकं बंद करा, टाकी काठोकाठ भरा, रात्रभर ठेवा. ओतून दिल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने खळबळून आम्ल मारा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच गरम हवेने वाळवा. इथे दिरंगाई नको. उघडं पडलेलं ओलं लोखंड तासाभरात पुन्हा तांबूस होतं. वाळल्यावर आत थोडं इंजिन ऑइल फिरवून ठेवा. आतून लावायच्या लेपाच्या मी विरोधात आहे. तो नीट बसला तर छान, पण एकदा सुटायला लागला की त्याचे पापुद्रे काढण्यापेक्षा गंज परवडला. टाकीला छिद्रं पडली असतील तरच त्याचा विचार करा. आणि पेट्रोलची टाकी घरी वेल्डिंग करायची नाही, कितीही धुतली तरी.

आता कार्ब्युरेटर. चौघांना जोडणारी पट्टी शक्यतो सोडवू नका. एका वेळी एकच उघडा, साफ करा, बंद करा. म्हणजे भागांची अदलाबदल होणार नाही आणि गोंधळ झाला तर शेजारचा न उघडलेला नमुना समोर असेल. बाउल उघडल्यावर तळाशी हिरवट-पिवळा चिकट थर दिसेल. ते वाळलेलं पेट्रोल. खरा अडथळा पायलट जेटमध्ये असतो. त्याचं भोक केसाच्या जाडीचं असतं. जेट उजेडासमोर धरा: स्वच्छ असेल तर मध्यभागी एक तीक्ष्ण, वाटोळा ठिपका चमकतो, अर्धवट तुंबलेला असेल तर उजेड दिसतो, पण कडा वेड्यावाकड्या असतात. दुसऱ्या प्रकारालाच लोक "साफ आहे" म्हणून परत लावतात आणि मग गाडी चोकशिवाय उभी राहत नाही म्हणून हैराण होतात. तार घालून खरवडू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. क्लिनरमध्ये भिजवा, अल्ट्रासोनिक टब मिळाला तर उत्तम, मग हवेचा दाब द्या.

मिक्श्चर स्क्रू काढण्याआधी तो हलक्या हाताने आत टेकेपर्यंत किती फेरे जातो ते मोजून लिहा. चौघांचे आकडे वेगळे असू शकतात. स्क्रूमागे स्प्रिंग, मग बारीकसा वॉशर, मग त्याहून बारीक ओ-रिंग असते. शेवटचे दोघे आत चिकटून राहतात आणि क्लिनरच्या फवाऱ्याने कुठेतरी उडून जातात. फवारा मारण्याआधी ते बाहेर आलेत याची खात्री करा. वरच्या रबरी डायफ्रामला क्लिनरचा स्पर्शही होऊ देऊ नका, तो फुगतो आणि परत खाचेत बसत नाही. डायफ्राम उजेडासमोर ताणून बघा. सुईएवढं छिद्रही त्या सिलिंडरला वरच्या आरपीएमला लंगडं करतं.

मूळ पितळी जेट स्वच्छ होत असतील तर तेच ठेवा. स्वस्त दुरुस्ती किटमधल्या रबराचा उपयोग करा, जेट बाजूला ठेवा. त्यांच्यावर छापलेल्या आकड्यावर भरवसा नसतो. केहिन आणि मिकुनी यांचे नंबरही एकमेकांशी जुळत नाहीत.

बसवताना इंजिन आणि कार्ब्युरेटर यांच्यामधले रबरी बूट वाकवून बघा. भेगा आरपार असतील तर आत जास्तीची हवा शिरते आणि मग कितीही ट्यूनिंग करा, आयडल स्थिर होणार नाही. शेवटी इंजिन गरम करून, समोर पंखा लावून, व्हॅक्यूम गेजने चौघांचा ताळमेळ बसवा. हे व्हॉल्व्ह क्लिअरन्स झाल्यानंतरच. धूर बाहेर जाईल अशी जागा हवी. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालवायचं नाही.

७. ब्रेक

इथे कंजुषी नको आणि "चालतंय की" नको.

कॅलिपरचे पिस्टन काढायची सर्वांत सुरक्षित पद्धत म्हणजे गाडीचाच ब्रेक वापरणं. होज जोडलेली असतानाच कॅलिपर डिस्कवरून काढा, पॅड काढा, आणि लिव्हर दाबत पिस्टन हळूहळू बाहेर आणा. एक लवकर येत असेल तर त्याला लाकडाच्या तुकड्याने अडवा. कॉम्प्रेसरची हवा वापरलीत तर पिस्टन गोळीसारखा सुटू शकतो. बोटं समोर नकोत.

पिस्टन निघाल्यावर सील काढा आणि खाच बघा. तिच्या तळाशी पांढरट, खडबडीत पूड जमलेली असते. ते ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. ती जागा व्यापते, सील आत ढकलला जातो आणि पिस्टनला आवळतो. नवं सील घातलं तरी ब्रेक चिकटून राहतो तो यामुळे. टोक वाकवलेल्या पितळी किंवा प्लास्टिकच्या हूकने ती खाच नखाला गुळगुळीत लागेपर्यंत खरवडा. कॅलिपरच्या कामातला सगळा वेळ इथे जातो आणि इथेच जायला हवा. पिस्टनवर खड्डे पडले असतील तर नवे घ्या. जोडताना ताजं ब्रेक ऑइल किंवा रबरासाठीचं लाल ग्रीस वापरा. साध्या ग्रीसने सील फुगतात.

मास्टर सिलिंडरच्या टाकीच्या तळाशी दोन भोकं असतात. त्यातलं लहान भोक बहुतेकांना दिसतच नाही. ते तुंबलं की गरम होऊन फुगलेल्या ऑइलला परतायची वाट राहत नाही आणि चालता-चालता ब्रेक आपोआप आवळत जातो. थंड झाल्यावर सुटतो, म्हणून घरी तपासल्यावर सगळं ठीक वाटतं.

ब्रेक ऑइल डॉट ४ घ्या, सीलबंद डब्यातलं, आणि दर दोन वर्षांनी बदला, कारण ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ५ आणि डॉट ५.१ यांत गल्लत नको: ५.१ हे ३ आणि ४च्याच कुळातलं आहे, ५ हे सिलिकॉनचं आहे आणि बाकीच्यांत मिसळत नाही. रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धुवा. होजच्या टोकांचे वॉशर दर वेळी नवे. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, ती मोजून बघा. हवा काढूनही लिव्हर मऊ लागत असेल तर ती दाबून बांधून रात्रभर ठेवा. सकाळी बराच फरक दिसतो.

८. विजेचं काम

आधी मोजा, मग पार्ट मागवा. पूर्ण भरलेली, काही तास विसावलेली बॅटरी १२.६ व्होल्ट किंवा अधिक दाखवते. इंजिन चालू करून ५००० आरपीएमला बॅटरीच्या टोकांवर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट यायला हवेत. १५च्या वर गेलं तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) गेलाय. १३पर्यंतही पोचत नसेल तर स्टेटरच्या (इंजिनात वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या) तीन तारा (बहुधा पिवळ्या) तपासा: दोन-दोन तारांमधला रेझिस्टन्स तिन्ही जोड्यांत सारखा, आणि कुठल्याही तारेचा फ्रेमशी संबंध नको.

त्या तीन तारांचा कनेक्टर हातात घेऊन नीट बघा. जुन्या गाड्यांत तो तपकिरी होऊन वितळलेला सापडण्याची शक्यता बरीच. तिथल्या खराब जोडामुळे उष्णता, उष्णतेमुळे आणखी खराब जोड, असं चक्र चालतं. नवा रेग्युलेटर जुन्या जळक्या कनेक्टरला जोडणं म्हणजे पैसे वाया. बाकी वायरिंगचं म्हणाल तर प्रत्येक कनेक्टर उघडून साफ करा, बॅटरीची अर्थ तार फ्रेमला जिथे लागते तिथला रंग-गंज घासून काढा, आणि आधीच्या मालकांनी टेप गुंडाळून केलेले जोड सोल्डर करून नीट करा. एवढ्यावर बरीच भुतं पळतात.

९. स्टिअरिंग, फोर्क, चेन

पुढचं चाक उचलून हँडल एका बोटाने हळूहळू फिरवा. अगदी सरळ असताना ते किंचित एखाद्या खाचेत बसल्यासारखं थांबलं तर बेअरिंग गेलं. वर्षानुवर्षं सरळ स्थितीतच धक्के खाऊन गोळ्यांनी वाटीत खड्डे पाडलेले असतात. घट्ट करून ते जात नाही. बदलताना टेपर रोलर बेअरिंग घातलं तर जास्त टिकतं; बसल्यावर काही अंतर चालवून ते पुन्हा तपासावं लागतं.

फोर्क सील बदलण्याआधी नळीवर नख फिरवा. गंजाचा खड्डा सीलच्या प्रवासाच्या टप्प्यात असेल तर नवं सील लवकरच फाटेल. आधी नळी रीक्रोम करा किंवा दुसरी शोधा. ऑइल भरताना मापाने ओतण्यापेक्षा उंची मोजणं चांगलं: स्प्रिंग बाहेर, फोर्क पूर्ण दाबलेला, वरच्या कडेपासून ऑइलपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना सारखं.

चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलायचे. ५२०, ५२५ आणि ५३० या तिन्ही चेनमध्ये पिनांमधलं अंतर सारखंच, १५.८७५ मिलिमीटर, फरक रुंदीचा. त्यामुळे रुंदी बदलायची तर तिन्ही भाग त्याच मापाचे हवेत. चेन ताणून ठेवण्याची हौस नको, सैलपणा मॅन्युअलप्रमाणे सोडा.

१०. टायर

कितीही नक्षी शिल्लक असली तरी जुने टायर फेकायचे. बाजूवर डॉट अक्षरांनंतरच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. तीनच आकडे दिसले तर तो टायर २०००च्या आधीचा आहे. हात जोडा आणि काढून टाका. टायरसोबत व्हॉल्व्हही नवे.

एक गोष्ट गाडी घेतानाच लक्षात असू द्या: त्या काळातल्या काही गाड्यांचं पुढचं चाक १६ इंची आहे, १९९२ची फायरब्लेड त्यातलीच. त्या मापात टायरची निवड फार मर्यादित आहे.

११. आता अपग्रेड

इथवर आलात तर निदान काही दिवस गाडी आहे तशी चालवा. मग माझ्या मते हा क्रम.

पहिला नंबर स्टीलच्या जाळीच्या ब्रेक होज. जुनी रबरी होज आतून सुजते आणि दाब शोषते. होज बदलून चांगले पॅड घातले की ब्रेक ओळखू येत नाहीत. यावरच थांबायला हरकत नाही.

दुसरा, फोर्कच्या स्प्रिंग तुमच्या वजनाला साजेशा. तुम्ही नेहमीच्या पोशाखात बसल्यावर पुढचा फोर्क साधारण ३० ते ४० मिलिमीटर खचायला हवा. प्रीलोड (स्प्रिंगचा सुरुवातीचा दाब) फिरवूनही ते जमत नसेल तर स्प्रिंगचा कडकपणा चुकीचा आहे. मागचा शॉक दुरुस्त होणारा असेल तर त्यातलं ऑइल आणि नायट्रोजन बदलून घ्या, पण हे काम बाहेरून. आतला गॅस दाबाखाली असतो.

तिसरा, रेग्युलेटर. जुने रेग्युलेटर जास्तीची वीज उष्णतेत घालवतात. नव्या मॉसफेट प्रकारचे कमी तापतात, सिरीज प्रकारचे स्टेटरवरचा भारही कमी करतात. लिथियम बॅटरी घालायची असेल तर चार्जिंग नियंत्रणात असल्याची खात्री केल्यावरच.

कॅलिपर बदलणं हा लोकप्रिय उद्योग. १९९८च्या आर-वन आणि १९९९च्या आर-सिक्सपासूनचे चार पिस्टनचे "ब्लू स्पॉट" कॅलिपर जुन्या यामाहांवर बसवतात, ते कामही छान करतात. पण बोल्टमधलं अंतर जुळलं म्हणजे झालं असं नाही: डिस्कचा व्यास, चाकापासूनचं अंतर आणि मास्टर सिलिंडरचा बोअर, तिन्ही बघा. बोअर मोठा घेतलात तर लिव्हर दगडासारखी कडक लागते आणि त्याच ताकदीत ब्रेक उलट कमी लागतो. "कडक म्हणजे चांगला" हा भ्रम इथूनच येतो.

पुढचा संपूर्ण भाग दुसऱ्या गाडीचा, उलटे फोर्क वगैरे, हे पहिल्या प्रकल्पात करू नका. गाडीची उंची, ट्रेल (पुढच्या चाकाच्या कोनाशी जोडलेलं, गाडी सरळ ठेवणारं माप), स्टॉपर, स्पीडोमीटर, सगळंच बदलतं.

एक्झॉस्ट आणि एअर फिल्टर शेवटी. मूळ एअरबॉक्स काढून प्रत्येक कार्ब्युरेटरला सुटे फिल्टर लावण्याचा मोह टाळा. या कार्ब्युरेटरची स्लाइड हवेच्या दाबातल्या फरकावर उचलली जाते आणि एअरबॉक्स त्या हिशोबाचाच भाग आहे. तो काढल्यावर मधल्या आरपीएमला जो खड्डा पडतो तो जेट बदलत भरून काढणं हे अनुभवी माणसालाही घाम फोडतं. आवाज मात्र वाढतो, हे खरं.

१२. फेअरिंग

भेगा आतून दुरुस्त करा. मागच्या बाजूला एबीएस असा शिक्का असेल तर त्याच प्लास्टिकचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेला घट्ट लगदा भेगेत भरला की तो मूळ प्लास्टिकशी एकजीव होतो. हवा खेळती ठेवा, हातमोजे घाला. रंग सर्वांत शेवटी. चालवून सगळं पक्कं झाल्याशिवाय रंगवलेली फेअरिंग चार वेळा काढाघाल करताना ओरखडते.

१३. पहिली फेरी

निघण्याआधी मॅन्युअल समोर ठेवून हे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा तपासा आणि प्रत्येकावर मार्करने रेघ मारा: दोन्ही ॲक्सल, कॅलिपर, स्टिअरिंगचा वरचा नट, हँडलचे क्लॅम्प, मागचं स्प्रॉकेट, ऑइल ड्रेन. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला हे लांबूनही कळतं.

लिव्हर दाबून पॅड डिस्कला टेकवल्याशिवाय गाडी हलवू नका. कॅलिपर बसवल्यानंतरची पहिली दाब रिकामी जाते, आणि ते उतारावर कळून उपयोग नाही. हँडल दोन्ही टोकांना वळवून आयडल वाढत नाही ना, थ्रॉटल सोडल्यावर आपोआप मिटतो ना, हे बघा.

पहिली फेरी दहा-पंधरा मिनिटांची, घराजवळच, रहदारी नसताना. परतल्यावर लगेच चाकांच्या मध्याजवळ हात न्या, डिस्कला न लावता. एक बाजू जास्त तापलेली वाटली तर तिथला कॅलिपर चिकटतोय. गाडीखाली कोरा पुठ्ठा सरकवून रात्रभर ठेवा. सकाळी थेंब कुठे पडलाय आणि रंग कोणता, यावरून ऑइल, कूलंट की पेट्रोल ते कळेल. नवे टायर आणि नवे पॅड बसेपर्यंत जोरात ब्रेक आणि खोल वळणं दोन्ही टाळा. शंभरेक किलोमीटर झाले की चेनचा सैलपणा, स्टिअरिंग बेअरिंग आणि त्या मार्करच्या रेघा पुन्हा तपासा, एकेक प्लग काढून चौघांचा रंग शेजारी-शेजारी ठेवून बघा. एकच काळा आणि तिघे फिक्कट असतील तर त्याच सिलिंडरचा फ्लोट किंवा मिक्श्चर स्क्रू परत उघडायचा आहे.